खिडकी अडवणारं कपाट

"काका, तुम्ही काय काय तपासत नाही?"

प्रश्न तिने एका दमात फेकला. घर विकत घेण्याआधी ते तपासायला येणाऱ्या माणसाला हे विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. प्रश्न सुचवला होता त्यांच्यातल्या अनुभवी मुलीने. नवं घर घेतल्यापासून त्या मुलीकडे छत गळतं म्हणून जेवणाच्या टेबलाच्या मधोमध बादली असते. बाबांनी डोळे वटारले. परवापर्यंत दुकानात पेन्सिल मागायला लाजणारी पोर ती हीच का, असा चेहरा.

तपासनीस स्टुलावरून उतरला. सकाळपासून तो नळ सोडत, खिडक्या उघडत-मिटत, भिंतींवर टकटक करत फिरत होता. बाबा त्याच्या मागे मागे, जणू घर त्यांनीच बांधलंय अशा थाटात प्रत्येक भेगेची बाजू घेत होते. आई मनातल्या मनात पडदे शिवून मोकळी झाली होती. आणि दलालाचं आपलं एकच पालुपद, चार वाजता दुसरी पार्टी येतेय.

"हे मला कुणी विचारत नाही," तपासनीस म्हणाला. "मालकाचं सामान मी हलवत नाही, नियमच आहे तसा. समोर दिसतं तेवढंच लिहितो. हे अहवालात छापलेलं असतं, अगदी शेवटच्या पानावर. तिथवर कुणी पोचत नाही."

एवढं बोलून तो वर टाकी बघायला गेला.

ती तडक तिच्या खोलीत आली. तिची अजून झाली नव्हती म्हणा. पण टेबल कुठे, दिवा कुठे, दारावर काय लिहायचं, सगळं ठरलेलं. धाकट्या भावाच्या लाथा खात पाच वर्षं एका पलंगावर काढली होती तिने. आख्खं घर रिकामं होतं. सामान काय ते इथलं एक कपाट, तेही अर्धी खिडकी अडवून. आधी दोनदा येऊन गेली तेव्हा तिला त्याचं हसू आलं होतं. आज आलं नाही. खिडकीपुढे कपाट कोण ठेवतं?

"राहू दे गं ताई, जड आहे ते. मालक नेतील नंतर," दलाल दारातून म्हणाला. जरा घाईनेच. मग बाबांनी हाक मारली म्हणून गेला.

हलवायची गरजच नव्हती. तिचा हात काडीसारखा. कपाटामागच्या फटीत कोपरापर्यंत गेला आणि बोटं गार, मऊ कशात तरी रुतली. भिंत मऊ नसते, एवढं तिलाही कळत होतं. हात बाहेर आला तो ओला, नखांत आणि तळव्यावर भिंतीचे पोपडे घेऊन.

तिने मूठ मिटली. कुणी बघितलं नव्हतं. हात जीन्सला पुसला की झालं. कपाट गेलं की इथेच तिचं टेबल.

बाहेर बाबांचा आवाज चढला होता, अहवाल येईल तेव्हा येईल, सही तर करून टाकू. पेनचं टोपण उघडल्याचा टक्क आवाज तिला इथवर ऐकू आला.

ती धावतच गेली. कागदावर, बाबांच्या पेनाशेजारी, तिने मूठ उघडली. ओला चुरा टपकन पडला.

"आई, बाबा, मी ठरवलंय," ती म्हणाली. "छोट्याच्या लाथा अजून वर्षभर चालतील मला."