दसऱ्याची पूजा

पत्नीचं तेरावं उरकून दिगंबररावांनी टायपिंगचं दुकान उघडलं, तर कॉम्प्युटर सुरूच होईना. दुरुस्तीला आलेल्या कदमबाईंनी वायर बदलून पाहिली, रॅम खोडरबरानं घासून पाहिली. कॉम्प्युटर ढिम्म.

शेवटी त्यांनी पुढचं झाकण काढलं. “काका, दसऱ्याची पूजा जरा जपून करत जा. बटणात हळदकुंकू अडकलंय.”

“यंदा कुठली पूजा? दसरा सुतकात गेला. दुकानाला कुलूप, किल्ली माझ्या खिशात.” दिगंबररावांचा आवाज खाली आला. “दरवर्षी तीच करायची. नेमकं बटणावरच कुंकू लावायची. मी ओरडायचो.”

कदमबाईंनी फडकं उचललं.

“पुसू नका,” ते म्हणाले. “दुसरं बटण बसवा.”

जुनं बटण त्यांनी तळहातावर घेतलं. कुंकू अजून ओलं होतं.