काढलेला रकाना

मेंदूतल्या गाठीच्या ऑपरेशनला रक्ताच्या किती पिशव्या लागतील, हे आधीच सांगणारा प्रोग्रॅम आमच्या रक्तपेढीच्या बाईंनी वर्षभर खपून करवून घेतला. त्यात पेशंटचं वय, हिमोग्लोबिन, गाठीचा आकार असं सगळं भरायचं. पण अंदाज अचूक यायचा तो एकाच रकान्यामुळे: ऑपरेशन कोण करणार. गाठ तीच, पेशंट तोच. विभागप्रमुख असलेल्या मोठ्या सरांचं नाव घातलं की चार पिशव्या, त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या मॅडमचं घातलं की एक.

सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "हे शास्त्र आहे की चहाड्या? काढून टाका तो रकाना."

रकाना गेला. आता प्रोग्रॅम सगळ्यांनाच सरसकट तीन पिशव्या सांगतो आणि सर त्याच्यावर गावोगाव भाषणं देतात.

परवा सरांच्या आईच्या डोक्यात गाठ निघाली. सर स्वतः जिना उतरून रक्तपेढीत आले, दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले,



"बाई, तो रकाना अगदीच पुसून नाही ना टाकलात?"