सहा भोकं

हर्सूलच्या वळणावर सोमनाथच्या जीपच्या छतावर दोन थापा पडायच्या. टपावर बसलेला माणूस गाडी थांबवायला मारतो, तशा.

दोन महिन्यांपूर्वी ह्याच वळणावर त्याच्या वडिलांनी, आबांनीही तशाच मारल्या होत्या. आत पाशिंजर भरले म्हणून सोमनाथनंच त्यांना वर बसवलं होतं. तंबाखूसाठी थांबवत असतील, म्हणून तो थांबला नाही. गावात पोचल्यावर पाहिलं, तर टप रिकामा होता.

टपावरचं लोखंडी कॅरियरच वाजतंय, असं मनाला बजावत आज त्यानं ते काढून टाकलं. पत्र्यात त्याच्या बोल्टांची सहा भोकं उरली. ती बुजवायला तो लांबीचा लगदा भरायला लागला, तशी सीटवर बसलेली आई म्हणाली, "एक तरी राहू दे रं. त्यांना आपलं बोलणं ऐकू यायचं नाय."

"आई, गप बस गं. हात जोडतो."

त्यानं सहाही बुजवली. लांबी वाळल्यावर भर दुपारी दोघं हर्सूलकडं निघाले.

वळण आलं. सहाही भोकांतली लांबी एकेक करून आत गळून पडली. मग थापा पडल्या.

सोमनाथनं पहिल्यांदाच ब्रेक दाबला. कुणी टपावरून उतरताना कलते, तशी गाडी एका बाजूला कलली.

आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सरकून शेजारी जागा केली.