पत्रिका उघडत नाही

"तात्या, पत्रिका काढा की. आन् माझं नाव सगळ्यात वरती!" सहा वर्षांच्या अमृतनं बहिणीच्या बाहुलीच्या लग्नात हट्ट धरला होता. मंचरच्या छपाईच्या दुकानात स्टुलावर बसल्या बसल्या कुंडलिकतात्यांच्या कानात तोच आवाज होता.

आज त्याच बहिणीची, अश्विनीची, खरी पत्रिका. बायकोनं, सारजाबाईनं, निमंत्रकांची यादी लिहून दिली होती. पहिलं नाव अमृतचं. त्याला जाऊन एकवीस दिवस झाले होते. पनवेलला त्याचा ट्रक उलटला. तात्या एकटे गेले, अग्नी देऊन आले, अन् घरी सांगितलं, पोरगं गाडी घेऊन आसामला गेलंय. खरं कळलं असतं तर लग्न थांबलं असतं.

कॉम्प्युटरवर मेमरी कमी असल्याची पाटी पुन्हा झळकली. पत्रिका जुळवणाऱ्या वृषालीनं कपाळाला हात लावला. "चौसष्ट एमबीचं मशीन, तात्या. त्याचा तरी काय दोष!"

तिनं गाणी बंद केली. दुसऱ्यांच्या उघड्या पत्रिका मिटल्या. मागच्या सालची लग्नं पुसून डिस्कवर जागा केली. मशीन बंद करून चालू केलं. तरी हँग.

मग पत्रिकेतलं एकेक काढून पाहिलं. गणपती काढला, हँग. तोरण काढलं, हँग. कोपऱ्यातला फोटो काढला तशी पत्रिका भरभर पळाली.

"घावला चोर! स्कॅन लई मोठा झालाय. सगळी मेमरी ह्यो एकटाच खातोय. कुणाचा फोटो?"

"अमृतचा." खिशातून तो कधी काढून दिला, तात्यांना आठवत नव्हतं.

"आवं, जित्या माणसाचा फोटो टाकत्यात व्हय? तिथं आजा-पंजा असत्यात, गेलेले. नाव हाये की त्याचं यादीत. फोटोला सुट्टी."

"हलका करता येतो का?" तात्यांचा आवाज सपाट होता.

"येतो की. बारीक स्कॅन करते परत. नखाएवढा तर छापायचा."

स्कॅनरचा उजेड फोटोखालून सरकत गेला. पत्रिका उघडली, हँग झाली नाही. वर कोपऱ्यात अमृत, खाली यादीत अमृत.

"काढू प्रिंट?"

तात्यांनी यादीतल्या पहिल्या नावावर बोट ठेवलं.

"फोटो राहू दे, पोरी," ते म्हणाले. "नाव तेवढं काढ."