कसावेरीचं पहिलं पिस्तूल

“संग्रहाला सुरुवात करायचीय. पहिलंच पिस्तूल. सैन्यातलं, जुनं,” काउंटरवर टोपी ठेवत म्हातारा म्हणाला. “आणि चालू स्थितीतलं.”

दुकानदार बोगुमिलने मान वर केली. संग्रह करणारे साल विचारतात, शिक्के बघतात. ‘चालतं का’ हे आधी कुणी विचारत नाही.

“परवाना?”

“आहे की!” म्हाताऱ्याने कोटाचा खिसा थोपटला. “मी कसावेरी. रेल्वेतून निवृत्त. या गावात नवीन आहे. बायको गेली, मुलगी लांब. भिंतींशी किती बोलायचं? म्हटलं, एखादा छंद लावून घ्यावा.”

बोगुमिलने त्याचे डोळे निरखले. स्वतःची बायको तेरेसा गेल्यापासून तोही भिंतींशीच बोलत होता. त्या बोलण्याचा शेवट कुठल्या विचारापाशी होतो, हे त्याला ठाऊक होतं.

त्याने कपाटातून ‘विस’ जातीचं पोलिश पिस्तूल काढलं. “हे आपल्या रादोमच्या कारखान्यातलं. स्लाइडवर गरुड दिसतो? म्हणजे युद्धाआधीचं. जर्मन आले आणि गरुड गेला.”

“झकास! हेच द्या.”

“छे! मुठीच्या पट्ट्या नंतर बसवल्यात. पहिलंच पिस्तूल असं घेतलंत तर लोक हसतील. पुढच्या आठवड्यात या.”

पट्ट्या मूळच्याच होत्या. कसावेरीने त्यांवरून अंगठा फिरवला. “असं होय! मला बापड्याला काय कळणार?”

पुढच्या आठवड्यात तो डबा घेऊनच आला. “बिगोस केलाय, कोबी-मांसाचा. एकट्याच्या घशाखाली उतरत नाही. चमचे आहेत का?”

बोगुमिलने कित्येक दिवसांनी गरम अन्न खाल्लं. मग दुसरं पिस्तूल दाखवलं आणि स्वतःच नापास केलं. म्हणे, रंग नव्याने चढवलाय. त्यानंतरच्याचे भागांवरचे नंबर जुळेनात. पुढच्याची नळी गंजलेली निघाली. चांगल्या मालाला इतकी नावं त्याने आयुष्यात ठेवली नव्हती.

“दुकानदार आहात की नवऱ्या मुलीचा बाप?” कसावेरी हसला. “एकही पसंत पडत नाही तुम्हाला!”

“पहिलं पिस्तूल जन्माचं असतं. घाई कसली?”

“मला कुठे घाई आहे?” म्हातारा म्हणाला. “बरं, रविवारी काय करता?”

“काही नाही.”

“मग चला मासे धरायला.”

याला रविवारी एकटं सोडणं बरं नव्हे, म्हणून बोगुमिल गेला. मासे गळाला लागले नाहीत, पण परतताना दोघं एकमेकांच्या गळाची टर उडवत आले. बोगुमिल आता रोज दाढी करू लागला, दुकान वेळेवर उघडू लागला. खचलेल्या माणसासमोर आपणच खचलेलं दिसून कसं चालेल? हिवाळा असाच सरला. पिस्तूल काही विकलं गेलं नाही.

ईस्टरला बोगुमिलची मुलगी लीडिया गदान्स्कहून आली. तेव्हा कसावेरी खसखशीचा केक घेऊन दुकानात बसलेलाच होता. बोगुमिलने ओळख करून दिली, दोघांनी हात मिळवले. मग त्याने लेकीला आतल्या खोलीत ओढलं.

“तो बाहेरचा माणूस बघितलास? शरद ऋतूत पिस्तूल घ्यायला आला होता. मी त्याचे डोळे बघितले आणि ओळखलं. अजून विकलेलं नाही. एकेक खोट काढून नुसता झुलवत ठेवलाय.” त्याने पडद्याआडून बाहेर डोकावलं. “जगवलाय गं मी त्याला. कुणाला बोलू नकोस.”

लीडिया बापाकडे बघतच राहिली. मग तिने त्याला घट्ट मिठी मारली आणि डोळे पुसत बाहेर गेली.

बोगुमिलने चहाचे तीन पेले भरले, लिंबाच्या चकत्या टाकल्या आणि ट्रे घेऊन तो निघाला. पडद्यापाशी त्याला लेकीची कुजबुज ऐकू आली.

“काका, बाबांना एकटं सोडू नका, एवढंच म्हणाले होते मी. पण तुमच्या स्वतःच्या घरात विस पिस्तुलांनी कपाट भरलेलं असताना एवढे महिने नवशिक्या बनून राहायला जमलं तरी कसं हो तुम्हाला?”