सातवा प्रश्न

म्हातारपणी गरीब घरांचा खर्च भागतो कसा, याचा सर्व्हे करायला धुळ्याचा ललित पाचोऱ्याजवळच्या एका गावात आला होता. यादीतले अकराही म्हातारे धुतलेले कपडे घालून भर सकाळी आपापल्या ओट्यावर निवांत बसलेले पाहून त्याला बरं वाटलं. सातवा प्रश्न होता, 'अजून मजुरीला जाता का?' सत्तरी उलटलेल्या माणसाला हे विचारायची त्याला लाज वाटली. त्याने कुणालाच विचारलं नाही. फोनवरच्या अकराही फॉर्मांत स्वतःच 'नाही' भरलं आणि दुपारीच पाठवून दिले.

संध्याकाळी त्या अकरांतलेच प्रेमराज नाना त्याला एसटीपर्यंत सोडायला आले. गाडी दिसली तसे जरा अवघडत म्हणाले, "भाऊ, तुम्ही सकाय बी येतस का?"

"नाही नाना, उद्या नाही येणार. का हो?"

"बरं व्हयनं. आज तुम्ही येणार म्हनीसन आम्ही बठ्ठा घर थांबनूत, रोज बुडना. सकाय कापूस येचाले जानं शे."

एका दिवसासाठी घरी थांबलेल्या अकरा जणांना ललित दुपारीच कायमचं घरी बसवून मोकळा झाला होता.