भाग जातो

विद्यापीठातल्या संगणकाने उत्तर दिलं, तेव्हा मुलीला आधी बरं वाटलं. बाबांच्या संख्येला भाग जात होता.

ती संख्या बाबांनी मुलीच्या लहानपणापासून उराशी धरली होती. लिहायला घेतली तर कपाटभर वह्या भरतील एवढी मोठी. ती अविभाज्य आहे, एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही, असं त्यांचं म्हणणं. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर तर ते मागच्या खोलीतून उठेनासेच झाले. जुना संगणक एकामागून एक भाजक लावून बघायचा आणि बाबा पडद्याकडे डोळे लावून बसायचे. आई म्हणायची, "माझी सवत फारच अवाढव्य आहे गं."

मग आईनं अंथरूण धरलं. शेवटच्या दुपारी मुलगी औषध आणायला बाहेर पडली होती. घरी मावशी होती. आई हाका मारत राहिली आणि पलीकडच्या खोलीतून नुसतं "आलोच" येत राहिलं, असं मावशीने नंतर सांगितलं. "आले, ते ती गेल्यावर. दारात उभे राहिले. तोंडातून शब्द नाही."

तेव्हापासून मुलगी बाबांशी कामापुरतंच बोलायची. त्यांची संख्या तिने विद्यापीठातल्या संगणकाला लावली, ती त्यांना मदत म्हणून नव्हे.

आता तिने तो भाजक कागदावर उतरवून घेतला आणि थेट घर गाठलं. उभ्या आयुष्याच्या कामावर पाणी पडतं तेव्हा माणसाचा चेहरा कसा होतो, ते तिला बघायचं होतं.

मागच्या खोलीत संगणक घरघरत होता. बाबा खुर्चीत होते. दाढी वाढलेली, शर्टाचं बटण भलत्याच काजात.

"तुमच्या संख्येला भाग जातो, बाबा." तिने कागद पुढे केला.

त्यांनी तो घेतला नाही. "शेवटी सातशे एकोणीस येतात. तोच ना?"

तिचा हात तसाच राहिला. "तुम्हाला माहीत होतं?"

"सापडला होता मला."

"मग हे यंत्र अजून कशाला चालू ठेवलंय?"

"बंद केलं की घरात दुसरा आवाजच नाही."

ती पलंगाच्या कडेला टेकली. हातातल्या कागदाची तिने घडी घातली. काहीतरी विचारायचं म्हणून तिने विचारलं, "कधी सापडला?"



"तुझी आई गेली त्या दुपारी," ते म्हणाले. "तेच सांगायला उठून गेलो होतो. म्हणणार होतो, संपलं माझं सगळं, आता इथंच बसतो तुझ्यापाशी."